खेळ, वेठ आणि मोहोपाड्याचे यंत्रमानव

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे मोहोपाड्याला गेलो ते परीक्षक म्हणून. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दांडफाट्याला वळावे, की कारखान्यांच्या भिंती आणि चिमण्यांच्या सोबतीने रस्ता रसायनीकडे जातो. त्याच वाटेवर वासांबे-मोहोपाडा. नाव ऐकून मोहाचे झाड डोळ्यांपुढे यावे, पण बाजारपेठेत नजरेत भरतात त्या मोबाइल-दुरुस्तीच्या पाट्या. प्रदर्शन परिसरातील शाळांचे होते आणि विषय होता ‘मोबाइल, ॲप आणि रोबोटिक्स यांतून सर्जनशील खेळ’. परीक्षकांत एखादा तरी भाषेचा माणूस असावा असे संयोजकांना वाटले, म्हणून आम्हांला बोलावणे आले. मराठीच्या प्राध्यापकाला असे बोलावणे सहसा आभारप्रदर्शनासाठी येते. त्यामुळे आम्ही काहीसे हुरळून गेलो होतो, हे आधीच कबूल करतो.

सभागृहात बारा रोबो होते. बाराही एकाच जातीचे: दोन चाके, पुढे एक घरंगळणारी गोळी, पोटाखाली दोन संवेदक आणि पांढऱ्या फ्लेक्सवर काढलेली एक काळी वळणदार रेषा. संवेदकातून अवरक्त किरण खाली पडतात. पांढऱ्यावरून ते परत येतात, काळ्यात ते मुरतात. डाव्या डोळ्याखाली काळे आले की डावे चाक थांबते आणि गाडी डावीकडे वळते; उजव्या डोळ्याखाली आले की उजवीकडे. एवढ्या साध्या युक्तीवर ती गाडी रेषेला धरून अख्खी फेरी पूर्ण करते. पाहायला मौज वाटते, खोटे का बोलावे? पहिल्यांदा चाक फिरले तेव्हा सातवीतल्या एका मुलाने जी आरोळी ठोकली, ती कोणत्याही कवितेच्या तासाला आम्ही ऐकलेली नाही.

पण बारांपैकी नऊ गटांना आम्ही एकच प्रश्न विचारला: ही रेषा अशीच का? एखाद्याने तिच्यात नदी का काढली नाही, गावाचा नकाशा का काढला नाही, गाडी वाट चुकली तर काय होते ते का पाहिले नाही? उत्तर एकच आले, आणि अतिशय अदबीने आले. “सर, फ्लेक्स किटबरोबरच येतो.”

तेरावी वस्तू दाराजवळच्या बाकावर होती. कातकरी वाडीवरून येणारी आठवीतली एक मुलगी, काच तडकलेला एक मोबाइल आणि त्यात शाळेतल्या तरुण विज्ञानशिक्षकाच्या मदतीने ॲप इन्व्हेंटरवर केलेला एक खेळ. पडद्यावर सतरा रानभाज्यांची छायाचित्रे: शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी आणि बऱ्याचशा आम्हांला न ओळखता आलेल्या. चित्रावर बोट ठेवले की मुलीच्या आजीचा आवाज येतो. ती आपल्या बोलीत भाजीचे नाव सांगते, ती कोणत्या पावसात उगवते ते सांगते, शिजविताना काय घालावे ते सांगते. शेवळात काकडाची फळे घातली नाहीत तर घसा खाजतो, हे आम्हांला त्या मोबाइलमधल्या आजीकडून कळले. दुसऱ्या भागात आवाज आधी येतो आणि तीन चित्रे समोर येतात. त्यांतले बरोबर ओळखायचे. चुकलात तर लाल फुली येत नाही. आजी हसते. खरेखुरे, दम लागेपर्यंतचे हसणे मुलीने टिपून ठेवले होते. सभागृहातली निम्मी मुले मुद्दाम चुकत होती.

गुणपत्रिकेत चार रकाने होते: यंत्ररचना, संवेदक, नावीन्य, सादरीकरण. प्रत्येकी पंचवीस. या खेळाला चाक नव्हते आणि संवेदक नव्हता, म्हणून पहिल्या दोन रकान्यांत शून्य पडले. मंडळातील ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, “छान आहे, पण हे रोबोटिक्समध्ये बसत नाही. हा तुमच्या मराठीचा विषय आहे.” आम्ही काही बोललो नाही. तीन वाजत आले होते, पाहुण्यांना पनवेलला परतायचे होते, चहा आला होता. तेरांत तिचा क्रमांक तेरावा आला. त्या पत्रकावर आमच्या दोघांच्याही सह्या आहेत.

म्हणून हा लेख. पश्चात्ताप प्रकट करून मोकळे व्हावे असा हेतू असता तर तो संयोजकांना पत्र लिहूनही साधला असता. पण ‘हा तुमच्या मराठीचा विषय आहे’ हे वाक्य आम्हांला अजून सोडत नाही. ते आमच्या तोंडावर फेकले गेले होते हटकण्यासाठी, आणि ते अक्षरशः खरे होते. आमचा विषय समोर आला आणि आम्ही तो ओळखला नाही.

या पानावरील वाचक बहुतांशी आमच्यासारखेच, साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी. त्यांच्यापैकी पुष्कळांची या विषयावरील प्रतिक्रिया आम्हांला पाठ आहे, कारण कालपरवापर्यंत ती आमचीही होती: मोबाइलने वाचन मारले, यंत्राने संवेदना बोथट केली, आता लहान मुलांनाही यांत्रिक करणार, वगैरे. दुसरीकडे उत्साही मंडळींचा पक्ष: जग पुढे चालले आहे, मुले मागे राहता कामा नयेत, उद्याच्या नोकऱ्या यातच आहेत. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे शत्रू समजले जातात. आमच्या मते ते एकाच चुकीचे दोन वारसदार आहेत. दोघेही धरून चालतात की यंत्र म्हणजे यंत्र आणि भाषा म्हणजे भाषा. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकू नये.

‘रोबॉट’ हा शब्दच मुळी नाटककाराच्या घरचा आहे. चेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर.यू.आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी १९२१मध्ये प्रागला रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो कारेलच्या चित्रकार भावाने, योसेफने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी करावे लागणारे सक्तीचे काम, आपल्याकडील वेठ. चापेकचे रोबॉट पत्र्याचे नव्हतेच. कारखान्यात तयार केलेली ती माणसासारखी माणसे होती, फक्त राबण्यासाठी घडविलेली. मराठीने या शब्दासाठी ‘यंत्रमानव’ हा सुटसुटीत प्रतिशब्द घेतला आणि त्यातली वेठ नेमकी गाळली. यंत्र आले, मानव आला, बिगार गेली. भाषांतरात काय हरवते यावर आपण परिसंवाद भरवितो. या एका शब्दावर कोणी भरविल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात वेठ हा कोशातला शब्द नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ सालचा. पण दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन कातकरी कुटुंबाने बाडबिस्तरा उचलावा आणि पावसाच्या तोंडावर परतावे, उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीही त्याच भट्टीवर जावे, हा क्रम या भागात कोणालाही नवा नाही. आईबापांबरोबर मुले जातात. हजेरीपटावर त्या महिन्यांत जे काही लिहिले जाते ते वाचण्याची एक वेगळी समीक्षापद्धती हवी. आता या मुलांपुढे आपण ‘खेळ’ म्हणून काय ठेवतो? एक बंद खोका, त्यात मोजून दिलेले सुटे भाग, पायरी एक ते पायरी चौदा असे छापील पत्रक आणि शेवटी कोणीतरी आधीच आखलेल्या रेषेवरून न चुकता चालणारी गाडी. पत्रकाप्रमाणे जोडले तर शाबासकी, नाही जोडले तर दुरुस्ती. यात राबणारा कोण आणि रोबॉट कोण, हे चापेकने सांगायला नको.

कोणी म्हणेल, संच वाईट कसा? मूल काहीतरी हाताने करते ना? करते, आणि हा वाद महाराष्ट्रात एकदा होऊन गेला आहे, फक्त आपण तो विसरलो. मारिया माँटेसरींची शैक्षणिक साधने आपल्याकडे आली तेव्हा तीही एक प्रकारची किटच होती: ठरावीक मापाचे मनोरे, दट्ट्या, अक्षरांच्या पाट्या, सगळे महागडे आणि शहरी. ताराबाई मोडकांचा माँटेसरींवर पूर्ण विश्वास होता, त्यांच्या संचावर मात्र त्या अडून बसल्या नाहीत. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, पुढे १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांतून तीच साधने उभी केली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. आज देशभर ज्या शब्दाने सरकारी बालसंगोपन ओळखले जाते तो ‘अंगणवाडी’ हा शब्द या घडामोडीतून आलेला आहे. ताराबाईंनी पद्धत घेतली आणि खोका परत केला. खेळण्याचे सामान मुलाच्या हाताशी, मुलाच्या भाषेत नाव असलेले हवे, हे त्यांचे म्हणणे. रानभाज्यांचा खेळ करणारी ती मुलगी नकळत कोसबाडच्या परंपरेत बसते, बाराही रोबो बसत नाहीत.

याच परंपरेची पुढची नावे शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत संशोधन केलेला, मोठ्या कंपनीत काम केलेला हा शास्त्रज्ञ दुष्काळी गावात गेला आणि शाळा सोडलेल्या मुलांना गावाची कामे करता करता विज्ञान शिकवू लागला. जगभर गाजलेल्या ‘फॅब लॅब’ या कल्पनेची अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली प्रयोगशाळा २००२ साली उभी राहिली ती या पाबळला. आमच्या पदव्युत्तर वर्गात हे सांगितले तेव्हा एकाही विद्यार्थ्याला खरे वाटले नाही. आम्हांलाही ते प्रथम वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते. संगणकावर चित्र काढून लाकूड, पत्रा, प्लॅस्टिक कापणारी यंत्रे तिथे आली, पण ती आली ती ज्या गावात वीस वर्षे माती, लोखंड आणि शेती यांच्याशी झटापट चालू होती तिथे. प्रश्न आधी होते, यंत्र नंतर आले.

आणि अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा अभियंता, पुण्याच्या टेल्कोतला. १९७८मध्ये होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाडी यांच्या जोडकामातून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली आणि ती कशी करावी हे मराठीसह अनेक भाषांत मोफत दाखविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गंमत अशी, की खेळणे मोडून पाहावे असा त्यांचा आग्रह असतो. आमच्या प्रदर्शनात बाराही गाड्यांवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती.

शासनाच्या नावाने बोटे मोडण्याचा सोपा मार्ग आम्ही घेणार नाही. २०१६ साली अटल इनोव्हेशन मिशन आले; त्यातून शाळांना ‘अटल टिंकरिंग लॅब’साठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि १० लाख पुढील पाच वर्षे चालविण्यासाठी. आजवर देशात अशा १०,०००हून अधिक प्रयोगशाळा झाल्या आणि २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५०,०००ची घोषणा झाली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिकपूर्व इयत्तांत संगणकीय आज्ञालेखन आणले. ‘टिंकरिंग’ या शब्दाचा अर्थ खुडबुड. मराठीत खुडबुड करणारे मूल हे मार खाणारे मूल असते. त्या शब्दाला सरकारी अनुदान मिळावे ही एका अर्थाने क्रांतीच म्हणायची. पण खुडबुड मोजता येत नाही, खरेदी मोजता येते. म्हणून बहुतेक ठिकाणी घडते ते असे, की यादी येते, पुरवठादार येतो, कुलूप येते, आणि वर्षातून एकदा पाहुणे आले की कुलूप निघते. ज्या शाळांत एखादा वेडा शिक्षक आहे तिथे चित्र वेगळे आहे. मोहोपाड्याचा तो तरुण विज्ञानशिक्षक अशांपैकी. मुलीच्या खेळाला शून्य पडले तेव्हा त्याचा चेहरा आम्ही पाहिला आहे.

आता नोकरीचा मुद्दा. प्रदर्शनाच्या उद्घाटनपर भाषणांत ‘उद्याचा रोजगार’ हा शब्दप्रयोग आम्ही मोजून अकरा वेळा ऐकला. हे इतर कुठे बोलले असते तर आम्ही सोडून दिले असते. मोहोपाड्यात बोलणे धाडसाचे होते. या गावाच्या शेजारी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प होता. १९६० साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारची कंपनी. आधुनिक भारताचे जे काही स्वप्न होते ते इथे नळ्यांतून वाहत होते, आणि ‘रसायनी’ हे नाव तर आजही स्थानकाच्या पाटीवर आहे. पाताळगंगेला बारमाही पाणी, कारण १९१५पासून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेले पाणी तिच्यात येते. त्या पाण्यावर कारखाने आले, कारखान्यांवर वसाहती आल्या, वसाहतींवर शाळा आल्या. या शाळांतून एका पिढीला सांगितले गेले, की रसायनशास्त्र शीक, आयटीआय कर, तुझे भविष्य कुंपणापलीकडे उभे आहे. मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचा प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणाच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनविणारा एक विभाग तेवढा राहिला, तो इस्रोकडे गेला. सभागृहात बसलेल्या पालकांपैकी कितीजणांच्या घरी हे स्वेच्छानिवृत्तीचे कागद असतील, याचा अंदाज वक्त्यांनी घेतला नसावा.

रसायनशास्त्र शिकणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. चूक होती ती शिकण्याला एकाच कुंपणाशी बांधण्याची. खेळाला नोकरीचे शेपूट लावले की दोन गोष्टी एकदम होतात: खेळ मरतो, आणि नोकरीची हमी तर आधीच मेलेली असते. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळाचे पहिले लक्षण सांगितले ते स्वेच्छा. सक्तीचा खेळ हा खेळ उरत नाही. आपल्या भाषेला हे वेगळे शिकवायला नको होते. आपण नाटकाला खेळ म्हणतो, दशावताराचा खेळ लावतो, रत्नागिरीकडे नमनातले कलावंत ‘खेळे’ असतात. खेळ मांडायचा असतो, आणि मांडणारा मोडूही शकतो.

इथे आम्ही आमच्या विषयाकडे, म्हणजे व्याकरणाकडे, येतो. हसू नये. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. तेव्हापासून आपण क्रियापदाचे अर्थ शिकवीत आलो आहोत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पाच गुणांचा प्रश्न, सोडविला की विसरायचा. त्या सभागृहात मात्र ही यादी एकदम जिवंत झाली. बारा गाड्यांच्या पोटातली आज्ञावली ही निव्वळ आज्ञार्थ आहे: थांब, वळ, चाल. फार तर एक संकेत: डावीकडे काळे दिसले तर डावे चाक थांबव. मराठीत हा संकेत जोडीने येतो, ‘जर’ आला की ‘तर’ येणारच. मराठी मुलाला तो कळायला इंग्रजी शब्दाची मुळीच गरज नाही. वाडीवरच्या आजीचे बोलणे विध्यर्थी आहे: काकड घालावे, पहिल्या पावसाचे खुडावे, मुळासकट उपटू नये. विध्यर्थात आज्ञा नसते. शहाणपण असते, ऐकणाऱ्याला मोकळीक असते. आज्ञार्थावर चालणाऱ्या यंत्रात विध्यर्थ बोलणारे माणूस बसविणे, ही त्या मुलीने केलेली करामत. ‘नावीन्य’ या रकान्यात तिला पंचवीसपैकी नऊ मिळाले होते.

संकेतार्थाचा एक प्रकार यंत्राला येत नाही: जे झाले नाही त्याचा. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण. १९ जुलै २०२३च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हापासून इकडे हे उदाहरण वर्गात देताना आमची जीभ अडखळते. ती ठाकरवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आधी हलविले असते तर, रस्ता असता तर, कोणी मोजले असते तर. डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्या मुलांनी बाटलीचा पर्जन्यमापक करून त्याचे आकडे मोबाइलवर नोंदविले, तर तो खेळ ठरेल की प्रकल्प, हे आम्हांला माहीत नाही. काळ्या रेषेपेक्षा त्यांच्या जवळचा ठरेल हे नक्की.

भाषेचा आणखी एक प्रसंग. त्या मुलीला आम्ही विचारले, आजीचे बोलणे खाली अक्षरांत का दिले नाही? ती म्हणाली, “मॅडम, बोलून बघितलं. मोबाइल दुसरंच लिहितो.” २०१७ साली गूगलने बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठीला दिली तेव्हा आपण सर्वांनी आनंद साजरा केला, आणि तो रास्त होता. पण ती सोय प्रमाण मराठीला ओळखते; कातकरी बोलीचे तिला काही कळत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाच्या जागी ती जवळचा एखादा शिष्ट शब्द बसविते. आजीचे वाक्य पडद्यावर आले ते कोणाच्यातरी दूरच्या नातलगाने सांगितल्यासारखे. मुलीने अक्षरे काढून टाकली आणि आवाज ठेवला. लेखी रूपात बोलीवर अन्याय होत असेल तर लेखन नाकारावे, हा निर्णय आमच्या विभागातल्या किती संशोधकांनी घेतला असता?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला आणि उत्तर लाजिरवाणे आहे. आमच्या अभ्यासक्रमात लोकसाहित्य-संकलनाचा प्रकल्प आहे. गेली कित्येक वर्षे आम्ही तो तपासतो. त्याच ओव्या, तेच उखाणे, तोच उपसंहार; फक्त मुखपृष्ठावरचे नाव बदललेले. पायरी एक ते पायरी चौदा. प्रस्तावना, उद्दिष्टे, व्याप्ती, मर्यादा. आमची किट कागदी आहे एवढाच फरक. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण कर्जतच्या, खालापूरच्या वाड्यांवरून येतात, त्यांच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे, त्यांच्या घरात आजी आहे. आणि आम्ही त्यांना गावाबाहेरचे पुस्तक उतरवायला लावतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले, एक लाखाहून अधिक ओव्या, शेकडो गावे, गाणाऱ्या बाईच्या नावागावासह, ते आज ‘परी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येते. २०१७पासून ते तिथे प्रसिद्ध होत आहे. आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात ते कधी वर्गात वाजविले गेले नव्हते. मोबाइलचा उपयोग आम्ही हजेरी घेण्यासाठी आणि सणांच्या शुभेच्छा देण्यासाठी करीत होतो.

आमच्या एका सहकाऱ्यांनी या लेखाचा कच्चा मसुदा वाचून विचारले, “म्हणजे आता मराठीच्या प्राध्यापकांनी रोबो बनवायचे?” नाही. रोबो बनविणाऱ्या मुलाला ‘ही रेषा कोणी काढली?’ असे विचारण्याचे काम मराठीच्या प्राध्यापकाचे आहे, आणि ते काम यंत्रशास्त्राचा अध्यापक आपल्यासाठी करणार नाही. दुसऱ्या सहकारी बाईंची शंका अधिक गंभीर होती: आजीचा आवाज मोबाइलमध्ये आला की तो कोणाचा होतो? उद्या कोणी कंपनीने ते ॲप उचलले तर? या शंकेला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. संकलकाने सांगणाऱ्याचे नाव गाळायचे, ही आपल्या लोकसाहित्य-अभ्यासाची जुनी खोड आहे. त्या मुलीने निदान पहिल्याच पडद्यावर आजीचे नाव मोठ्या अक्षरांत घातले होते. आपले खाली, बारीक.

जानेवारीत आम्ही पुन्हा मोहोपाड्याला गेलो, या वेळी कोणी बोलाविले नव्हते. त्या शिक्षकाकडून कळले, की मुलगी आईवडिलांबरोबर भट्टीवर गेली आहे आणि मोबाइल मामाचा होता, तो मामाकडे आहे. खेळाची एक प्रत शाळेच्या संगणकावर आहे. आम्ही ती उघडून पाहिली. सतरापैकी अकरा भाज्या ओळखता आल्या, सहा वेळा आजी हसली.

यंदाच्या प्रदर्शनासाठी संयोजकांनी परीक्षक म्हणून पुन्हा विचारले आहे. आम्ही कळविले, की येऊ. पण गुणपत्रिकेत ‘यंत्ररचना’ आणि ‘संवेदक’ हे दोन रकाने एकत्र करावेत, ‘भाषा’ असा एक रकाना घालावा, प्रदर्शन दिवाळीपूर्वी, वाड्या रिकाम्या होण्याआधी घ्यावे आणि गेल्या वर्षीच्या निकालपत्रकावरील आमच्या सह्या मागे घेण्याची परवानगी द्यावी. दोन आठवडे झाले. तारखेच्या मुद्द्यावर चर्चा चालू असल्याचे समजते.